सतरा नंबरची पाटी

"अख्ख्या डहाणू तालुक्यात भुताला न घाबरणारा माणूस एकच," चिमणबाबा म्हणाला आणि त्याने स्वतःच्याच छातीवर थाप मारली. "अवसेच्या रात्री मसणातून एकटा चालत आलेला माणूस आहे मी. आता, डोळे मिटून आलो, तोंडाने रामराम चालू होतं आणि वाटेत गाढव आडवं आलं त्याला 'काका, चुकलं माझं' म्हणून हात जोडले, ती गोष्ट वेगळी."

पोरं हसली. होळीला चार दिवस उरले होते. नरपडच्या त्या आळीतल्या पोरांनी सुरूची आणि आंब्याची लाकडं रचून ठेवली होती आणि ती राखायला पोरं रात्री जागत होती. राखली नाहीत तर शेजारच्या आळीची पोरं ओंडके पळवतात, आणि होळीसाठी चोरलेलं लाकूड परत मागायची रीत नाही. चिमणबाबा राखणीला आपण होऊन आला होता. त्याची राखण म्हणजे चोराच्या हाती चावी. तरुणपणी त्याने चिखल्यापासून आगरापर्यंत कुणाची होळी सोडली नव्हती. शाळा चौथीपर्यंत, त्यातली तिसरी दोनदा. "मास्तरांना माझ्याशिवाय करमत नव्हतं," असं तो सांगायचा.

त्याची सायकल सुरूच्या खोडाला टेकवलेली होती. सुनिल तारापूरला कारखान्यात शिफ्टला जाणारा. त्याने सहज हँडल चाचपलं.

"बाबा, घंटा कुठे गेली हो? तुमच्या घंटेवरून तर गावातली कुत्रीसुद्धा तुम्हाला ओळखायची."

"गंजली. काढून टाकली."

एवढंच. पुढे त्याने काही पुरवणी जोडली नाही. योगिताला, त्याच्या नातीला, जरा नवल वाटलं. आजोबांनी एक वाक्य साधं सोडलं, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

शेकोटीत एक ढलपी सरकवत मग तोच म्हणाला, "आपला म्हातारा नविन कसा गेला, ठाऊक आहे तुम्हाला?"

"झोपेत," योगिता म्हणाली. "वय झालं होतं. झोपेत गेले."

"असं त्याच्या नातवाने, तुषारने, लोकांना सांगितलं. मला त्याने दहाव्याला खरं सांगितलं. त्याच्या तोंडून ऐकलं तसंच तुम्हाला सांगतो. विस्तव विझू देऊ नका. आणि मध्ये बोलायचं नाही."

* * *

नविनला तुम्ही म्हातारा पाहिलात. कधी उगाच उठून उभा राहताना पाहिलात का? देवळाची घंटा, कुल्फीवाल्याची घंटा, कुणाच्या मोबाईलची टिणटिण, काहीही वाजो, हा माणूस बसल्या जागेवरून ताडकन उभा. पाठ ताठ. डावा हात पोटाशी आडवा, जणू त्यावर टॉवेल घडी करून टाकलाय. आणि तोंडातून दोन शब्द. "झा व्हो!"

ही पोर्तुगीज भाषा. झा व्हो म्हणजे आलोच.

पोरवयात नविन आफ्रिकेत गेला होता. दमणचा मामा बोटीतून घेऊन गेला. मोझांबिक देशाची राजधानी. आता तिला मापुतो म्हणतात, नविन लोरेन्सो मार्केस म्हणायचा. या चिमणच्या, म्हणजे माझ्या, जिभेला ते कधी जमलं नाही, म्हणून चिमण 'लोणचं मार्केट' म्हणायचा आणि नविन चिडायचा. तिथे समुद्राच्या वर कड्यावर एक हॉटेल होतं, हॉटेल सेरेया. सेरेया म्हणजे जलपरी. वर बाई, खाली मासा. नविन त्या हॉटेलात वरच्या मजल्यावर घंटेचा पोऱ्या होता. खोलीतल्या पाहुण्याने बटण दाबलं की इकडे घंटा वाजायची आणि याने धावायचं. चार वर्षं धावला. पुढे साठ वर्षं इथे नरपडला चिकूच्या वाडीत राबला, पण पायातली ती घंटा गेली नाही.

आता असा माणूस गावात असेल, आणि त्याच गावात हा चिमण असेल, आणि चिमणच्या सायकलला घंटा असेल, तर काय होणार? ग्रामसभा भरलेली. नविन पुढच्या ओळीत. चिमणने दारातून टिण केलं. नविन उभा! सरपंचाला वाटलं, म्हाताऱ्याचा ठरावाला विरोध आहे. सार्वजनिक संडासाचा ठराव सहा महिने रखडला. गावाने त्या सहा महिन्यांत ज्या शिव्या दिल्या त्या निम्म्या नविनला, निम्म्या चिमणला.

गेल्या दिवाळीत मात्र नविन असाच झटक्यात उठला आणि पडला. छातीचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाला, याला झटक्यात उठू द्यायचं नाही, हृदयाला झेपणार नाही. तुषार, टेंपो चालवणारा तो नातू, हात जोडून चिमणच्या दारात आला. "काका, आता ती मस्करी बंद. मला आईबाप नाहीत. आजा आहे तेवढा राहू द्या." चिमणने कान पकडले. दोन्ही हातांनी पकडले.

आता त्या रात्रीचं ऐका. या जानेवारीतली अठरा तारीख. रविवार. पौषातली अवस. हा चिमण तेव्हा गावात नव्हता, चिंचणीला मेहुणीकडे गेला होता. म्हणून सांगतो, जे आहे ते तुषारच्या तोंडचं.

समुद्रावर तो मुंबईच्या शेठचा नवा रिसॉर्ट झालाय ना, त्या शेठला जुन्या वस्तूंचा सोस. त्याने तलासरीला हायवेवरच्या एका गोडाऊनमधून एक जुनं लाकडी कपाट घेतलं होतं आणि ते आणायची वर्दी तुषारला मिळाली. मोबाईलवर फोटो आला. तुषार जेवता जेवता बघत होता. नविनने डोकं वाकडं करून पाहिलं. त्याचा घास ताटात पडला.

"ही सेरेया," तो म्हणाला.

"काय?"

"ही पितळेची बाई. वर बघ. ही मी रोज पुसायचो. शेपटीचं एक टोक तुटलेलं आहे बघ."

तुषारने फोटो मोठा केला. शेपटीचं एक टोक तुटलेलं होतं.

मग काय, म्हातारा टेंपोत बसलाच. तुषार नको म्हणत होता. त्याची बायको दक्षा माहेरी गेली होती, पोटुशी होती, म्हणून म्हाताऱ्याला घरी एकटं ठेवायचीही भीती. नेलं बरोबर.

गोडाऊन तुम्ही पाहिलं असेल. मोडीत काढलेल्या जहाजांच्या खुर्च्या, आरसे, गोल खिडक्या. तिथला माणूस निम्मं गुजराती, निम्मं मराठी बोलणारा. भिंतीला टेकवून ठेवलेलं ते कपाट त्याने दाखवलं. कपाट कसलं, सागवानी पेटी. दरवाजाच्या निम्मी उंच. पुढे काच. काचेमागे ओळीने छोट्या छोट्या खिडक्या आणि प्रत्येक खिडकीवर पत्र्याची पांढरी पाटी. खोलीतून कुणी बटण दाबलं की घंटा वाजायची आणि त्या खोलीची पाटी खाली पडून नंबर उघडा व्हायचा. पोऱ्या जाऊन आला की बाजूचा दांडा ओढून पाटी वर करायची. खाली पितळेच्या दोन वाट्या, त्यांच्यामध्ये हातोडी. तीच घंटा.

"वायरी तर कधीच्या कापेल्या," माणूस म्हणाला. "आफ्रिकाथी कंटेनरमध्ये आलं, काका. मोठ्ठं हॉटेल होतं म्हणे. आता कंपनीने आतून फोडून नवीन काचेचं केलं. जुनं सगळं भंगारात."

नविनने दांडा ओढला. खाली पडलेल्या सगळ्या पाट्या पाखरांसारख्या फडफडत वर गेल्या.

एक सोडून. सतरा.

"ती नाय उठती," माणूस म्हणाला. "पक्कड लावली, तेल टाकलं. जाम छे."

नविनने पुन्हा दांडा ओढला. पुन्हा ओढला. मग काचेवर तळहात ठेवून तो उभा राहिला. तुषार म्हणाला, आजाचा चेहरा असा झाला जसा गर्दीत कुणी ओळखीचा दिसावा आणि तो आपल्यावर रागावलेला असावा.

* * *

"बाबा, त्या सतरामध्ये कोण होतं?" सुनिलने विचारलं.

"बोलायचं नाही म्हटलं ना? येतंय ते. तुझ्या शिफ्टची गाडी चुकत नाही."

समुद्राकडून वारा सुटला होता. वर सुरूची झाडं सूं सूं करत होती.

* * *

निघाले तेव्हा दिवस मावळलेला. दापचरी मागे पडली. पहिला गतिरोधक आला आणि मागून आवाज.

टिण.

म्हातारा सीटवर ताठ. हात दाराच्या कडीवर. "झा व्हो..."

"आजा! अहो, खड्डा आहे. पेटी हलली."

"हं."

पुढचा गतिरोधक. टिण. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तुषारने महालक्ष्मीच्या अलीकडे टेंपो बाजूला घेतला, मागे चढला, दक्षाची जुनी ओढणी फाडून त्या दोन वाट्यांच्या मध्ये गच्च कोंबली. हातोडी हलेना अशी कोंबली. वर सुतळीने बांधली. हे लक्षात ठेवा. सुतळीने बांधली.

मग चारोटीला वळल्यावर म्हातारा आपणहून बोलायला लागला. जन्मात एवढं बोलला नव्हता.

म्हणाला, "ते हॉटेल पोर्तुगिजांच्या राजवटीत बांधलेलं. पांढरं शुभ्र. समुद्रातून बघितलं तर जहाजच कड्यावर चढलंय असं वाटायचं. रात्री बाजा वाजायचा, गोऱ्या बायका नाचायच्या. तिथल्या काळ्या माणसांना मागचं दार. आपल्यालाही मागचंच दार. आमचा मुकादम सांगायचा, पहिल्या घंटेला उठायचं. दुसरी वाजली म्हणजे तू मेलास असं समज."

"आणि सतरा?"

"सतरामध्ये एक म्हातारी बाई राहायची. विधवा. वर्षानुवर्षं तिथेच. तिला दमा. रात्री श्वास कोंडला की बटण दाबायची, मी गरम पाणी आणि लिंबू घेऊन जायचो. पाठ चोळायचो. ती मला 'मेनिनु' म्हणायची. म्हणजे बाळ."

आशागडच्या अलीकडे तो पुढचं बोलला.

"एकसष्ट साल. डिसेंबर. आपल्या लष्कराने दमण घेतलं. इकडे लोक नाचत असतील. तिकडे हिंदुस्थानी दिसला की उचल. मामा दमणचा, म्हणजे पोर्तुगिजांचीच रयत, त्याला सोडलं. मी डहाणूचा, मला घेतलं. रात्री पोलीस जिन्याने वर आले. नेमकी तेव्हाच घंटा वाजली. सतरा पडली. मी ओरडलो, झा व्हो! पाण्याचं भांडं हातात होतं. त्यांनी मला जिन्यातच धरलं. पाणी सांडलं. खाली गाडीत कोंबलं. आणि तुषार... गाडीत बसल्यावर वरून दुसरी घंटा ऐकू आली. मग तिसरी."

"मग?"

"मग काय. कँपात ठेवलं. मग बोटीत घालून मुंबई. पुढे पंच्याहत्तर साली गोरे निघून गेले, जाताना म्हणे लिफ्टच्या खड्ड्यात सिमेंट ओतून गेले. मग लढाई. खेड्यातून पळून आलेली माणसं त्या खोल्यांतून राहिली, लाकडी जमीन उखडून त्यांनी त्यावर भात शिजवला. दमणला परत आलेला एकजण सांगत होता. मी त्याला सगळं विचारलं. सतराचं विचारलं नाही. तो काय सांगणार? पण मी आलोच म्हटलं होतं रे. म्हटलं होतं आणि गेलो नाही."

तुषार तेव्हा पहिल्यांदा घाबरला. त्याने टेंपो हळू केला.

"आजा, एक ऐका. आपल्याकडे काय सांगतात? रात्री कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तीनदा हाक आली तर माणूस. नाहीतर... तुम्हीच मला लहानपणी सांगितलंत. आज घंटा कुठूनही वाजो, तीन वेळा वाजेपर्यंत उठायचं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवा."

म्हाताऱ्याने हात ठेवला. पण म्हणाला, "तिसरीपर्यंत थांबलं तर पाहुणा मरतो रे."

नरपडला पोहोचले तेव्हा रिसॉर्टचं फाटक बंद. मॅनेजर फोनवर म्हणाला, सकाळी आणा, आता पार्टी आहे. म्हणून टेंपो तसाच घराच्या अंगणात. वर ताडपत्री. तुषारने जाऊन पुन्हा पाहिलं. ओढणी जागेवर. सुतळी जागेवर.

जेवले. म्हातारा पडवीत खाटेवर. तुषारने आपलं अंथरूण आडवं, पडवीच्या दारातच टाकलं. म्हाताऱ्याला बाहेर जायचं तर त्याला ओलांडून जावं लागेल असं.

दिवसभर चाक धरून थकलेला माणूस. लागला डोळा.

किती वेळ गेला कळलं नाही. दिवे गेलेले. अवस. डोळ्यापुढे हात दिसेना.

आणि...

टिण.

एकदाच.

तुषार जागा झाला. पण उठला नाही. का उठला नाही? त्याला वाटलं, चिमणकाका. झोपेतच हसूसुद्धा आलं त्याला. वाटलं, हा म्हातारा काही सुधारायचा नाही, सकाळी जाऊन याच्या सायकलची हवा काढतो. आणि त्याने कूस बदलली.

या एका कुशीसाठी तो पोरगा आता रोज रात्री जागतो.

पायाशी काहीतरी हललं. त्याला ओलांडून कुणीतरी गेलं. धोतराची किनार त्याच्या गालाला लागली.

"झा व्हो."

हळू. ओरडून नाही. जसं आजारी माणसाला सांगतात तसं.

तुषारने डोळे उघडले. "आजा?"

तुषारने मान उचलली.

"आजा, चिमणकाका आहेत. झोपा."

पावलं ऐकू आली. अनवाणी. अंगणातली वाळू. पाच-सहा पावलं. मग...

मग पावलांचा आवाज बदलला.

वाळूवरची नव्हती ती. लाकडी जिन्यावरची होती. वर चढत होती. एक. मग एक. मग एक. आणि तुषारच्या घराला जिना नाही. अंगणालाही नाही.

तो उठून बसला. हाक मारायची होती. हाक येईना.

वर कुठेतरी पावलं थांबली.

शांत.

समुद्रसुद्धा ऐकू येईना, म्हणाला तो. नरपडला. समुद्र ऐकू येईना.

मग...

टक्.

एवढासा आवाज. पत्र्यावर पत्रा बसल्यासारखा.

आणि समुद्र परत सुरू झाला.

तुषार मोबाईलचा उजेड करून धावला. म्हातारा टेंपोच्या मागे होता. फाळक्याला पाठ लावून बसलेला. डावा हात पोटाशी आडवा. त्यावर टॉवेल, घडी घातलेला. अंग अजून कोमट होतं. चेहरा... तुषार म्हणाला, काका, चेहरा वाईट नव्हता. धावून आलेल्या माणसाला बसायला सांगितल्यावर जसा होतो, तसा होता.

* * *

लहान पोरं आता एकमेकांना चिकटून बसली होती. शेकोटी खाली बसत आली होती आणि ढलपी सरकवायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"आणि घंटा?" योगिताने हळू विचारलं. "घंटेला तर ओढणी..."

"तेच," चिमणबाबा म्हणाला. "सकाळी माणसं जमायच्या आधी तुषारने ताडपत्री काढून पाहिलं. ओढणी कोंबलेली तशीच. सुतळीची गाठ तशीच, त्याची स्वतःची गाठ. ती घंटा वाजणं शक्य नव्हतं. वायर नाही, हातोडी हलत नाही. पण वाजली. त्याने स्वतःच्या कानाने ऐकली."

"आणि सतरा नंबर?" सुनिलचा आवाज मघासारखा नव्हता.

"वर."

"म्हणजे?"

"सतराची पाटी वर गेली होती. ओळीत. बाकीच्यांसारखी. पकडीने उठली नव्हती ती. तुषारने पेटी हलवली, आपटली, दांडा उलटा-सुलटा ओढला. इतर पाट्या पडतात, उठतात. सतरा पडत नाही. आजही ती पेटी त्या रिसॉर्टमध्ये टांगलेली आहे. जाऊन बघा. मी... बघून आलोय."

त्याने विस्तवाकडे पाहत तळहात चोळले. मग म्हणाला, "दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तुषार माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, काका, एकच विचारतो, रागावू नका. त्या रात्री तुम्ही तर आला नव्हता ना सायकल घेऊन? म्हटलं, बाळा, मी चिंचणीला होतो, सकाळी कळलं तसा धावत आलो. तेव्हा तो रडला. म्हणाला, मग ती बाईच आली होती न्यायला. आणि त्याच वेळी कावळा शिवला. आता तो घर बंद करून बोईसरला राहतो. अवसेच्या रात्री दिवा मालवत नाही. पण त्याचं मन... एका परीने निवांत आहे. आजा जिला आलोच म्हणाला होता, तिच्याकडे गेला. असं धरून चाललाय तो."

मागे काटक्या मोडल्याचा आवाज झाला आणि सगळी पोरं एकदम किंचाळली.

बायजी होती. चिमणबाबाची बायको. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात पेल्यांची चळत. ती कधीची तिथे अंधारात उभी होती कोण जाणे. पोरं ओशाळून हसली. सुनिल उठून पेले घ्यायला गेला.

"द्या आजी, बसा. बाबांनी आज खरंच घाबरवलं. एकदम खरी गोष्ट."

बायजी बसली नाही. तिने किटली वाळूत ठेवली. विस्तवाच्या पलीकडे बसलेल्या नवऱ्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली. चिमणबाबा मात्र सुरूच्या खोडाला टेकवलेल्या सायकलकडे पाहत होता, हँडलवरच्या त्या रिकाम्या जागेकडे, जिथे घंटेच्या स्क्रूचं भोक अजून चकाकत होतं.

"चिंचणीला आपण मंगळवारी गेलो, नविनभाऊंची राख सावडून झाल्यावर," ती म्हणाली. "रविवारी रात्री तुम्ही हसत हसत सायकल घेऊन बाहेर पडलात, आणि परत आलात तेव्हा सायकल हाताने ढकलत आणली होतीत. ती घंटा गंजली कधी हो?"